पाच व्होल्टच्या डिजिटल सर्किटसाठी लॉजिक प्रोब: जोडणीचा क्रम, तपासण्या आणि नेहमी होणाऱ्या चुका

लॉजिक प्रोब म्हणजे डिजिटल सर्किटमधल्या पिनवर टोक टेकवले की ती ‘हाय’ (१) आहे की ‘लो’ (०) हे एलईडीने दाखवणारे साधन. घरी बांधलेल्या प्रोबबद्दलची तक्रार बहुधा एकाच प्रकारची असते. टोक ५ व्होल्टला लावले की लाल एलईडी लागतो, ग्राउंडला लावले की हिरवा लागतो, पण प्रत्यक्ष सर्किटवर ठेवताच प्रोब भलतेच सांगू लागतो. कोठेही न जोडलेली पिन त्याला ‘हाय’ वाटते, दीड व्होल्टवर अडकलेली बिघडलेली लाइनही ‘हाय’ वाटते, आणि लहान पल्स तर दिसतच नाहीत. दोष सोल्डरिंगमध्ये क्वचितच असतो. प्रोबने तीन उत्तरे द्यायची असतात, हाय, लो आणि ‘दोन्हीपैकी काहीच नाही’, आणि हे तिसरे उत्तर एक ट्रान्झिस्टर व एक एलईडी यांच्या सर्किटमधून कधीही मिळत नाही. दुरुस्तीत खरा उपयोग मात्र बहुतेक वेळा त्याचाच होतो.

येथे दिलेला प्रोब एलएम३९३ हा दुहेरी कंपॅरेटर (दोन व्होल्टेजांची तुलना करणारी आयसी) आणि ५५५ टायमर यांवर आधारलेला असून तो फक्त ५ व्होल्ट सप्लायसाठी आहे. सर्व जोडणी आधी ब्रेडबोर्डवर करावी, प्रत्येक टप्प्याची तपासणी पूर्ण करावी आणि त्यानंतरच सोल्डरिंग हाती घ्यावे. थेट बोर्डवर सगळे बसवून शेवटी एकदाच सप्लाय देण्याचा मोह टाळावा, कारण तसे केल्यास चूक कोणत्या टप्प्यात आहे हे शोधण्यातच संध्याकाळ जाते.

## सुरुवातीआधी: सीमा कोणत्या?

७४एलएस मालिकेची आयसी इनपुटवरील ०.८ व्होल्टपर्यंतचा दाब ‘लो’ आणि २.० व्होल्टपासून वरचा दाब ‘हाय’ मानते. मधल्या पट्ट्यात ती काय करील याची हमी उत्पादक देत नाही. ७४एचसीटी मालिकेच्या सीमाही याच आहेत. ७४एचसी मालिकेच्या मात्र वेगळ्या आहेत: तेथे लो सप्लायच्या सुमारे ३० टक्क्यांपर्यंत आणि हाय सुमारे ७० टक्क्यांपासून, म्हणजे ५ व्होल्टवर १.५ आणि ३.५ व्होल्ट. अर्डुइनो उनोवरील एटीमेगा३२८पी याला हाय ओळखण्यासाठी सप्लायच्या ६० टक्के, म्हणजे ३ व्होल्ट लागतात.

आपण ०.८ आणि २.० व्होल्ट या सीमा घेणार आहोत. त्यामुळे एक मर्यादा पहिल्यापासून लक्षात ठेवावी लागेल: अडीच व्होल्टवर हा प्रोब लाल एलईडी दाखवील, पण ७४एचसीची आयसी त्याला हाय मानीलच असे नाही.

सावधान: नुसते रेझिस्टर बदलून वरची सीमा ३.५ व्होल्टवर नेता येत नाही. एलएम३९३च्या इनपुटची कार्यकक्षा सप्लायपेक्षा सुमारे दीड व्होल्ट खाली संपते, म्हणजे आपल्या प्रोबमध्ये, जेथे सप्लायच्या डायोडनंतर सुमारे ४.८ व्होल्टच उरतात, साधारण ३.३ व्होल्टवर. २ व्होल्टची सीमा या कक्षेत आरामात बसते. तुलनेतील एक इनपुट कक्षेत असले, की दुसरे तिच्या वर गेले तरी या आयसीचे उत्तर बरोबरच येते, म्हणून टोकावर पूर्ण ५ व्होल्ट असले तरी अडचण येत नाही.

## लागणारे सामान

- एलएम३९३ एक, एनई५५५ एक आणि ८ पिनची दोन सॉकेटे
- रेझिस्टर, पाव वॉट: ६८० ओहम २, ४७० ओहम १, ८.२ किलोओहम १, १० किलोओहम ३, १२ किलोओहम १, २७ किलोओहम १, १०० किलोओहम १, ३९० किलोओहम १, १ मेगाओहम १
- कपॅसिटर: १ नॅनोफॅरड १, १० नॅनोफॅरड १, १०० नॅनोफॅरड २, १ मायक्रोफॅरड १, १० मायक्रोफॅरड १
- डायोड: १एन४१४८ तीन, १एन५८१९ एक
- एलईडी: लाल, हिरवा, पिवळा
- झिरो पीसीबी, लाल आणि काळी क्रोकोडाइल क्लिप, मल्टिमीटरची जुनी लीड
- तपासणीपुरते: १० किलोओहमचे पोटेन्शिओमीटर आणि मल्टिमीटर

मुंबईच्या लॅमिंग्टन रोड किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या कोणत्याही दुकानात हे सगळे एका फेरीत मिळते. एलएम३९३ संपला म्हणून दुकानदार एलएम३५८ देऊ करील, आणि त्याच्या पिनांची मांडणी अगदी सारखीच असल्याने तो सॉकेटमध्ये बसेल, एलईडीही लागतील. पण एलएम३५८ हा ऑप-अ‍ॅम्प आहे आणि त्याचे आउटपुट इतके संथ बदलते की लहान पल्स त्यात हरवून जातात. तो घेऊ नये. काही मायक्रोफॅरडचे डबे ‘नॅनो’च्या खणात पडलेले असतात, तेव्हा कपॅसिटरवरचा आकडा वाचूनच घ्यावा: १०२ म्हणजे १ नॅनोफॅरड, १०३ म्हणजे १०, १०४ म्हणजे १००.

## टप्पा १: सप्लाय

प्रोब स्वतंत्र बॅटरीवर चालवू नये. ज्या सर्किटची तपासणी करायची त्याच सर्किटमधून त्याला सप्लाय द्यावा, म्हणजे दोघांचे ग्राउंड आपोआप एक होते. ‘प्रोब काहीच दाखवत नाही’ या तक्रारीमागे बऱ्याचदा वेगळी बॅटरी आणि न जोडलेले ग्राउंड असते.

लाल क्लिपची तार १एन५८१९च्या अ‍ॅनोडला (पट्टा नसलेल्या बाजूला) जोडावी आणि पट्टा असलेली बाजू प्रोबच्या धन लाइनला जोडावी. काळ्या क्लिपची तार प्रोबच्या ग्राउंडला जोडावी. क्लिपा उलट लागल्या तर हा डायोड प्रोबला वाचवतो. येथे नेहमीचा १एन४००७ वापरू नये. त्यावर ०.७ व्होल्ट खर्च होतात आणि पुढच्या सर्व सीमा खाली सरकतात, तर १एन५८१९वर साधारण ०.२ व्होल्टच जातात. धन लाइन आणि ग्राउंड यांच्यात १० मायक्रोफॅरड आणि १०० नॅनोफॅरड बसवावेत.

तपासणी: धन लाइनवर ४.७ ते ४.९ व्होल्ट मिळायला हवेत.

## टप्पा २: दोन सीमा-व्होल्टेज

धन लाइनपासून ग्राउंडपर्यंत २७, १२ आणि ८.२ किलोओहम याच क्रमाने एकापुढे एक जोडावेत. २७ आणि १२ यांच्या सांध्याला ‘क’ म्हणू, १२ आणि ८.२ यांच्या सांध्याला ‘ख’.

तपासणी: क वर १.९ ते २.१ व्होल्ट आणि ख वर ०.७५ ते ०.९ व्होल्ट दिसले पाहिजेत. आकडे बरेच उलटसुलट आले तर रेझिस्टरांचा क्रम चुकला आहे. १२ आणि ८.२ यांची अदलाबदल झाल्यास क बरोबर येतो आणि फक्त ख १.२ व्होल्टच्या आसपास जातो, म्हणून एकच बिंदू मोजून पुढे जाऊ नये.

## टप्पा ३: इनपुट

हा टप्पा सर्वांत जास्त वेळा अर्धवट सोडला जातो, आणि सुरुवातीला सांगितलेल्या बहुतेक तक्रारी त्यातूनच निर्माण होतात.

प्रोबच्या टोकापासून १० किलोओहमचा रेझिस्टर बिंदू ‘ग’पर्यंत आणावा. ग आणि धन लाइन यांच्यात १ मेगाओहम, ग आणि ग्राउंड यांच्यात ३९० किलोओहम जोडावा. टोक हवेत असताना ही जोडी ग ला सुमारे १.३५ व्होल्टवर, म्हणजे दोन्ही सीमांच्या मधोमध धरून ठेवते. तिसरे उत्तर येते ते येथूनच. दोन्ही रेझिस्टर मिळून सर्किटवर सुमारे २८० किलोओहमचा भार पडतो, आणि टीटीएल (७४एलएससारखी आयसी) असो वा सीमॉस (७४एचसीसारखी), कोणत्याही चालू आउटपुटला तो जाणवत नाही. त्याऐवजी १० मेगाओहमच्या आसपासचे रेझिस्टर लावून भार आणखी कमी करण्याची हौस काहींना असते, पण एलएम३९३च्या इनपुटमधून थोडा प्रवाह बाहेर पडत असतो आणि इतक्या मोठ्या रोधावर तो ग ला आपल्या जागेवरून पार ढकलून देऊ शकतो.

आता दोन १एन४१४८: पहिल्याचा अ‍ॅनोड ग ला आणि पट्ट्याची बाजू धन लाइनला, दुसऱ्याचा अ‍ॅनोड ग्राउंडला आणि पट्ट्याची बाजू ग ला. टोक चुकून १२ व्होल्टला लागले तरी १० किलोओहम आणि पहिला डायोड मिळून आयसीला सांभाळतात.

तपासणी: टोक मोकळे ठेवून ग वर १.३ ते १.५ व्होल्ट दिसावेत. स्वस्त मल्टिमीटरवर येथे १.०५ व्होल्टच्या आसपास आकडा आला तर घाबरू नये. अशा मीटरचा स्वतःचा इनपुट रोध पुष्कळदा एकच मेगाओहम असतो, आणि तो लागताच ग खाली ओढला जातो. १० मेगाओहमच्या मीटरवर आकडा जवळजवळ खरा दिसतो.

चूक कशी ओळखावी: वरचा डायोड उलटा बसला असेल तर ग चार व्होल्टच्या वर अडकतो. खालचा उलटा असेल तर ग अर्ध्या व्होल्टच्या आसपास बसतो. दोन्ही उलटे बसले तर सप्लायच शॉर्ट होतो, म्हणून पहिल्यांदा सप्लाय देण्याआधी पट्टे पुन्हा पाहावेत.

## टप्पा ४: कंपॅरेटर आणि दोन एलईडी

एलएम३९३ बसवून पिन ८ धन लाइनला आणि पिन ४ ग्राउंडला जोडावी, व आयसीच्या अगदी लगत १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर द्यावा (टप्पा १ मधला त्याच्याजवळ हलवला तरी चालेल). त्यानंतरची जोडणी अशी:

1. पिन २ ला ग, पिन ३ ला क.
2. पिन ५ ला ग, पिन ६ ला ख.
3. धन लाइनपासून ६८० ओहम, मग लाल एलईडी, मग पिन १.
4. धन लाइनपासून ६८० ओहम, मग हिरवा एलईडी, मग पिन ७.
5. पिन १ आणि धन लाइन यांच्यात १० किलोओहम.

या आयसीचे आउटपुट ओपन-कलेक्टर आहे. ते फक्त खाली ओढू शकते, वर ढकलू शकत नाही. म्हणून एलईडी आउटपुटपासून ग्राउंडकडे नव्हे, धन लाइनपासून आउटपुटकडे जोडावे लागतात. ग्राउंडकडे जोडलेला एलईडी कधीच लागणार नाही, आणि मग बिचारी आयसी खराब ठरवून फेकली जाते. ६८० ओहमवर सुमारे ४ मिलीअँपिअर प्रवाह वाहतो. एलएम३९३च्या आउटपुटची हमी ६ मिलीअँपिअरपर्यंतच असल्याने एलईडी अधिक उजळ करण्यासाठी २२० ओहम लावू नयेत.

तपासणी: टोक मोकळे: दोन्ही एलईडी बंद. टोक धन लाइनला: फक्त लाल. टोक ग्राउंडला: फक्त हिरवा. टोक मोकळे असताना दोन्ही लागत असतील आणि ग वरचा व्होल्टेज बरोबर असेल, तर दोन्ही कंपॅरेटरांच्या इनपुट पिनांची अदलाबदल झाली आहे.

## टप्पा ५: पल्ससाठी ५५५

काही मायक्रोसेकंदांचा पल्स डोळ्याला दिसत नाही. ५५५ त्याला ताणून सुमारे एक दशांश सेकंदाचा करतो.

1. पिन ८ आणि पिन ४ धन लाइनला, पिन १ ग्राउंडला, आणि आयसीलगत १०० नॅनोफॅरड.
2. पिन ६ आणि ७ एकमेकींना जोडून तेथून धन लाइनला १०० किलोओहम आणि ग्राउंडला १ मायक्रोफॅरड.
3. पिन ५ पासून ग्राउंडला १० नॅनोफॅरड.
4. एलएम३९३च्या पिन १ पासून १ नॅनोफॅरडमार्गे ५५५च्या पिन २ ला.
5. पिन २ आणि धन लाइन यांच्यात १० किलोओहम, आणि त्याला समांतर तिसरा १एन४१४८, पट्टा धन लाइनकडे.
6. पिन ३ पासून ४७० ओहम, मग पिवळा एलईडी, मग ग्राउंड.

पिन २ ला कंपॅरेटरचे आउटपुट थेट जोडणे ही येथील नेहमीची चूक होय. तसे केल्यास टोक हायवर असेपर्यंत पिन २ खालीच राहते आणि पिवळा एलईडी विझत नाही. मधला १ नॅनोफॅरड फक्त बदलाची कडा पुढे जाऊ देतो. समांतर डायोड नसल्यास आउटपुट परत वर जाताना पिन २ सप्लायच्या वर ढकलली जाते.

तपासणी: टोक धन लाइनला टेकवताच पिवळा एलईडी एकदा चमकून विझला पाहिजे. सर्व मिळून प्रोबने १५ मिलीअँपिअरच्या आसपासच प्रवाह घ्यावा. तो यापेक्षा बराच अधिक असल्यास सप्लाय काढून ५५५च्या पिना पुन्हा मोजाव्यात.

## टप्पा ६: प्रोबची परीक्षा

हा टप्पा वगळून सोल्डरिंगकडे जाऊ नये. ज्या उपकरणाच्या उत्तरावर विसंबून आपण दुसऱ्याच्या आयसी काढणार आहोत, त्याचे उत्तर कोठे बदलते ते स्वतः मोजून पाहिलेले असावे.

पोटेन्शिओमीटरची दोन टोके ५ व्होल्ट आणि ग्राउंडला, मधली पिन प्रोबच्या टोकाला जोडावी आणि त्याच पिनवर मल्टिमीटर लावावा. शून्यापासून सावकाश वर जाताना हिरवा एलईडी ०.८ व्होल्टच्या आसपास विझतो, मग बराच काळ काहीच लागत नाही, आणि २ व्होल्टच्या आसपास लाल लागतो. हे दोन आकडे कागदावर लिहून ठेवावेत. नेमक्या सीमेवर लाल एलईडी अंधुक झाला आणि पिवळा लुकलुकू लागला तर तो दोष नाही. इतक्या संथ बदलणाऱ्या व्होल्टेजवर कंपॅरेटरचे आउटपुट हेलकावे खाते. खऱ्या डिजिटल सिग्नलच्या कडा हा पट्टा झटकन ओलांडतात.

पल्सची परीक्षा अर्डुइनो उनोवर सोपी आहे. ९ क्रमांकाच्या पिनवर पीडब्ल्यूएमची (पल्सची रुंदी बदलणाऱ्या आउटपुटची) किंमत १ ठेवावी. तेथे सुमारे दोन मिलीसेकंदांत एकदा ८ मायक्रोसेकंदांचा हाय पल्स येतो. प्रोबवर हिरवा पूर्ण उजळ, लाल जवळपास नाहीसा आणि पिवळा जणू सतत लागलेला दिसला पाहिजे. आता किंमत १२७ करावी. लाल आणि हिरवा दोन्ही सारख्याच, पण मंद उजेडाने लागतील. यांतील पहिल्या परीक्षेत पिवळा लागला नाही, तर १ नॅनोफॅरडच्या जागी काय बसवले आहे ते पाहावे.

## टप्पा ७: सोल्डरिंग आणि बांधणी

झिरो पीसीबीची १५ मिलिमीटर रुंदीची पट्टी कापली तर ती वायरिंगच्या २० मिलिमीटर पीव्हीसी कंड्युट पाइपात जाते. आधी वायरचे जोड, मग रेझिस्टर आणि डायोड, मग सॉकेटे, शेवटी कपॅसिटर आणि एलईडी, असा बुटक्याकडून उंचाकडे जाणारा क्रम ठेवावा. लांब पट्ट्यांचा वेरोबोर्ड वापरल्यास सॉकेटखालच्या पट्ट्या कापण्यास विसरू नये. न कापल्यास पिन १ आणि ८, तसेच ४ आणि ५ एकमेकींना जोडलेल्या राहतात.

टोकासाठी शिवणाची सुई घेण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, पण साध्या रोझिन फ्लक्सने पोलादावर सोल्डर धरत नाही, आणि धरल्यासारखे वाटले तरी आठवड्याने निघते. जुन्या मल्टिमीटर लीडचे पितळी टोक दांड्यासह घ्यावे, ते उत्तम. १० किलोओहमचा रेझिस्टर बोर्डच्या मागच्या टोकाला न बसवता थेट या टोकाच्या मुळाशी सोल्डर करावा, म्हणजे मधल्या तारेचा कपॅसिटन्स सर्किटवर पडत नाही. सांध्यावर हीट श्रिंक चढवावे आणि टोकाचे शेवटचे दोन-तीन मिलिमीटरच उघडे ठेवावेत. लांब उघडे टोक आयसीच्या दोन पिनांमध्ये घसरले की प्रोबमुळेच बिघाड होतो.

तपासणी: पाइपात सरकवण्यापूर्वी टप्पा ६ची पोटेन्शिओमीटरची परीक्षा पुन्हा करावी आणि आकडे लिहिलेल्या कागदाशी ताडून पाहावेत.

## वापरताना

सावधान: मेन्सपासून ट्रान्सफॉर्मरने विलग न केलेल्या सर्किटवर हा प्रोब लावू नये. स्वस्त एलईडी दिव्यांतील कपॅसिटरवर चालणारे सप्लाय आणि एसएमपीएसची (स्विचिंग पॉवर सप्लायची) प्राथमिक बाजू यांत ‘ग्राउंड’ म्हणून दिसणारी लाइन मेन्सशी थेट जोडलेली असते.

काळी क्लिप आधी, मग लाल. त्यानंतर टोक एकदा ५ व्होल्टला, एकदा ग्राउंडला लावून पाहावे आणि मगच कामाला लागावे. टोक शक्यतो आयसीच्या पिनवर टेकवावे, तिच्या खालच्या पॅडवर नव्हे. पॅडवर हिरवा किंवा लाल आणि पिनवर काहीच नाही असे दिसले तर सोल्डर सुटले आहे किंवा सॉकेटची जीभ ढिली आहे. हा दोष मल्टिमीटरने शोधताना पिन दाबली जाऊन तो तात्पुरता नाहीसा होतो, प्रोबच्या हलक्या स्पर्शाने तो सापडतो.

काहीच न लागणे याचे तीन अर्थ होतात: पिन खरोखर मोकळी आहे, थ्री-स्टेट बस (अनेक आयसी आळीपाळीने चालवतात ती सामाईक लाइन) या क्षणी कोणीच चालवत नाही, किंवा लाइन मधल्या पट्ट्यात अडकली आहे. पहिले दोन आणि तिसरा यांतला फरक मल्टिमीटर सांगतो. दोन आउटपुट एकमेकांशी भांडत असतील तर ग चे नेहमीचे १.३५ व्होल्ट न दिसता दुसराच, सहसा ठाम आकडा दिसतो. एलएस मालिकेचे मोकळे इनपुट आयसी स्वतः हाय समजते, तरी प्रोब तेथे काहीच दाखवणार नाही. ते योग्यच आहे, कारण अशा पिनला रेझिस्टरने वर बांधणे राहून गेलेले असते.

पिवळ्याची एकच चमक टोक टेकवतानाही होते, ती मोजू नये. टोक जागेवर धरून ठेवल्यानंतर जी चमक येते तीच सिग्नलची. बोट उघड्या टोकाला लागले तर ५० हर्ट्झच्या गुणगुणीने एलईडी लुकलुकतात, तेही सोडून द्यावे.

एलएम३९३ला प्रतिसाद देण्यास मायक्रोसेकंदाच्या आसपास वेळ लागतो, म्हणून दोन-तीन मायक्रोसेकंदांहून लहान पल्सवर या प्रोबचा भरवसा धरू नये. १६ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलवर टोक ठेवून ‘क्लॉक बंद आहे’ असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरते. क्रिस्टलच्या पिनवर तर टोक ठेवूच नये, कारण त्या भाराने चालू ऑसिलेटरही थांबू शकतो.

३.३ व्होल्टच्या बोर्डांवर, उदाहरणार्थ ईएसपी३२वर, लाल क्लिप ३.३ व्होल्टला लावून प्रोब चालणार नाही, कारण एनई५५५ला किमान ४.५ व्होल्ट लागतात. अशा वेळी लाल क्लिप त्याच बोर्डच्या यूएसबीतून येणाऱ्या ५ व्होल्ट पिनला आणि काळी ग्राउंडला लावावी. ३.३ व्होल्टच्या टीटीएल-सुसंगत सिग्नलच्या सीमाही ०.८ आणि २.० व्होल्टच असल्याने उत्तरे बरोबर येतात. तपासल्या जाणाऱ्या आयसीला ५ व्होल्ट लागण्याची भीती नाही, कारण ग आणि धन लाइन यांच्यातल्या १ मेगाओहममधून पाच मायक्रोअँपिअरपेक्षा अधिक प्रवाह वाहू शकत नाही.